बाबांबरोबर ग्वाटेमाला सिटी आणि ला औरोराचं प्राणिसंग्रहालय

ग्वाटेमालाला जाणारे बहुतेक प्रवासी राजधानीत थांबत नाहीत. विमानतळावरून गाडी करायची, अँटिग्वा गाठायचं, ज्वालामुखी चढायचा, आतितलानचं तळं बघायचं आणि परत. राजधानीबद्दल "तिथे बघण्यासारखं काही नाही" एवढंच ऐकायला मिळतं. आम्ही मात्र राजधानीतच राहिलो आणि त्याचं कारण बाबा. ते हिवाळ्यात आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, विदर्भ-मराठवाड्यात गावोगावी बदल्या, आणि सत्तरी ओलांडली तरी जनावर दिसलं की आधी त्याच्या पायांकडे बघायची सवय. ज्वालामुखी चढणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. लेकीला मार्चमध्ये शाळेची सुट्टी होती. ग्वाटेमालाचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय, म्हणजे ला औरोरा, विमानतळाला अगदी खेटून आहे असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तिथेच जवळ राहू. मनात आलं की जाता येईल."

गुरुवार

ह्यूस्टनहून विमान तीन तासांच्या आत पोचतं. उतरताना खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. शहर एका पठारावर आहे, पण पठाराला चहूबाजूंनी खोल घळी पडलेल्या आहेत. घळींच्या काठाकाठाने घरं आणि तळाशी गर्द झाडी दिसते. विमानतळ शहराच्या मधोमध असल्यामुळे विमान गच्च्यांवरची वाळत घातलेली धुणी दिसतील इतकं खाली येतं.

झोन १३ मध्ये विमानतळाजवळ घरगुती पद्धतीची बरीच निवासस्थानं आहेत. आम्ही त्यातल्याच एकात उतरलो. मालकीणबाईंनी आल्या आल्या कॉफी आणि चाम्पुराडा समोर ठेवल्या. चाम्पुराडा म्हणजे तीळ लावलेलं मोठं, चपटं, कडक बिस्किट. ते कॉफीत बुडवूनच खायचं असतं. बाबांनी कुणी न सांगताच बुडवलं आणि बाई खूश झाल्या.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. समुद्रसपाटीपासून शहराची उंची साधारण १५०० मीटर, त्यामुळे मार्चमध्येही सूर्य कलला की अंगावर शाल लागते. पश्चिमेला आग्वा ज्वालामुखीचा रेखीव सुळका होता आणि त्याच्या पलीकडे फुएगो हा दुसरा ज्वालामुखी मधूनमधून धुराचा एकेक लोट सोडत होता. बाई धुणं काढत होत्या. त्यांनी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

इथल्या पत्त्यांविषयी आधीच सांगून ठेवते. शहर क्रमांकांच्या झोनमध्ये विभागलेलं आहे. १ ते २५, पण त्यात २०, २२ आणि २३ नाहीतच. 'सहावी अव्हेन्यू' किंवा 'दहावी गल्ली' अनेक झोनमध्ये असते, म्हणून झोनचा आकडा सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. ॲपवरून गाडी बोलावताना आधी तो आकडा तपासा. नळाचं पाणी पिऊ नका. सुट्टे केत्सालेस, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा, मोठी नोट बाजारात मोडत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचे चालू नियम वकिलातीकडून आधी नीट विचारून घ्या.

शुक्रवार

सकाळी झोन १ मध्ये, म्हणजे जुन्या शहरात गेलो. मुख्य चौकात कथेड्रलसमोर दगडी खांबांची रांग आहे आणि त्या खांबांवर हजारो नावं कोरलेली आहेत. १९६० ते १९९६ या काळातल्या यादवी युद्धात मारलेल्या, गायब केलेल्या माणसांची ही नावं. एकेका आडनावाखाली ओळीने सहा-सहा, सात-सात जण. लेक वाचायला लागली आणि थोड्या वेळाने वाचायची थांबली. एक म्हातारे गृहस्थ एका नावावरची धूळ रुमालाने पुसत होते. आम्ही थोडं लांब उभे राहिलो.

कथेड्रलच्या मागेच मध्यवर्ती बाजार आहे आणि तो जमिनीखाली आहे. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात जुना बाजार पडला, तेव्हा नवा बाजार असा तळघरात बांधला. वरच्या मजल्यावर कापड आणि हस्तकलेच्या वस्तू, त्याखाली फळं, भाज्या आणि जेवणाची ठेली. बाबा फळांपाशी जे थांबले ते हलेनात. चिकू, सीताफळाची भावंडं, पपई, पेरू, शेजारी मक्याच्या कणसांचे आणि सुक्या मिरच्यांचे ढीग. आपण ही फळं, ही मिरची इतकी आपली मानतो, पण यातलं बहुतेक सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेलं. चिकूचं तर हेच माहेर. उत्तरेकडच्या पेतेनच्या जंगलात चिकूच्या झाडांना चिरा देऊन चीक काढायचे आणि पूर्वीचं च्युइंगगम त्यापासून बनायचं. फळवालीने बाबांना चिकू कापून दिला. "घोलवडची चव येते," असं ते मराठीतच म्हणाले. तिने हसून मान हलवली आणि आणखी एक कापला.

मसाल्याच्या गाळ्यावर नेमकं उलटं घडलं. हिरव्यागार वेलचीच्या पिशव्या होत्या. वेलची मूळची आपल्या पश्चिम घाटातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने ती आल्ता वेरापासच्या डोंगरात लावली, आणि आज ग्वाटेमाला जगातला वेलचीचा सर्वांत मोठा निर्यातदार आहे. केक्ची माया शेतकऱ्यांची कितीतरी कुटुंबं तिच्यावर जगतात. पण स्वयंपाकात तुम्ही ती कशात घालता, असं लेकीने तिच्या शाळेतल्या स्पॅनिशमध्ये विचारलं तेव्हा गाळेवाला म्हणाला, "आम्ही नाही खात. ती अरबांसाठी." बाबांनी त्याला चहाची कृती सांगायला घेतली. दूध, साखर, आलं, दोन वेलच्या ठेचून. लेक भाषांतर करत होती आणि त्याने ते खरोखर एका पावतीच्या मागे लिहून घेतलं.

तळघरातच जेवलो. इथलं पेपियान चुकवू नका. भोपळ्याच्या बिया, तीळ, सुक्या मिरच्या आणि टोमॅटो भाजून, वाटून केलेला दाट काळपट रस्सा, बहुतेक वेळा कोंबडीचा. बाबा शाकाहारी. त्यांच्यासाठी काळ्या घेवड्याची उसळ, भात, ॲव्होकाडो आणि तव्यावरून थेट पानात पडणाऱ्या मक्याच्या तोर्तिया. शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी: घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. 'सिन मान्तेका' म्हटलं की समजतात आणि तेलात करून देतात. गोडात रेयेनितोस घ्या, उकडलेल्या राजेळी केळ्याच्या पारीत गोड घेवडा भरून तळलेले. बाबांनी आधी नाक मुरडलं, मग दुसरी प्लेट मागवली.

शनिवार

प्राणिसंग्रहालय नऊला उघडतं. आम्ही त्याआधीच दाराशी होतो. रस्त्यावर मातिलिसग्वातेची झाडं गुलाबी फुलांनी डवरलेली, खाली सगळीकडे सडा पडलेला. हीच आपली वसंतराणी, विक्रोळीला महामार्गाच्या कडेला फुलते ती. जवळच वसाहतकाळातल्या जुन्या जलवाहिनीच्या विटांच्या कमानी आहेत. त्यांच्या आजूबाजूने वाहनं धावतात आणि कमानी तशाच उभ्या आहेत.

ला औरोरा १९२४ साली सुरू झालं. आज ते एक बिगरसरकारी संस्था चालवते. आत आशिया, आफ्रिका आणि अमेरिका असे खंडांप्रमाणे भाग आहेत आणि मोठ्या जनावरांना लोखंडी गजांऐवजी खंदक, काच आणि झाडी आहे. आफ्रिकेच्या भागात जिराफ, पाणघोडे, सिंह. गर्दी आधी तिकडे धावते आणि लहान मुलं बरोबर असतील तर तुम्हालाही धावावंच लागेल. आम्ही मात्र नकाशा बघून थेट अमेरिकेच्या भागाकडे वळलो. माझा सल्ला हाच आहे. जिराफ जगात पुष्कळ ठिकाणी दिसतो. ग्वाटेमालाला येऊन ग्वाटेमालाची जनावरं सकाळच्या गारव्यात, जागी असताना बघून घ्यावीत. दहानंतर ऊन चढलं की जग्वार सावलीत आडवा होतो.

आम्हाला तो उभा दिसला. बाबांनी ताडोबाच्या आसपास नोकरी केली असल्यामुळे बिबट्या त्यांना परका नाही. ते काचेशी वाकून लेकीला दाखवत होते. "ठिपक्यांची फुलं बघ. बिबट्याच्या फुलात मध्ये काही नसतं, याच्या फुलात बारीक ठिपके आहेत. आणि डोकं बघ केवढं. जबडा बघ." जग्वार भक्ष्याची कवटीच फोडतो, इतकी ताकद त्या जबड्यात असते. माया लोकांनी त्याला राजांच्या नावात आणि सिंहासनांवर का बसवलं असेल, ते काचेच्या अलीकडून सहज कळत होतं.

आणि मग दान्ता. मराठी पुस्तकांत टापीर म्हणतात तो प्राणी. मध्य अमेरिकेतला हा सर्वांत मोठा मूळ भूचर सस्तन प्राणी, अडीचशे किलोपर्यंत भरतो, आणि तरी त्याच्या कुंपणापाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तो पाण्याच्या डबक्यात बसला होता, नुसती लवचीक नाकाची शेंडी वर काढून. थोड्या वेळाने उठून बाहेर आला आणि बाबा एकदम गुडघ्यांवर बसले. मला वाटलं तोल गेला. पण ते पाय बघत होते.

"पुढे चार बोटं, मागे तीन. ये इकडे, बघ नीट."

लेकही बसली. बाबा तिला सांगत होते, की घोडा, गेंडा आणि हा, तिघं एकाच मोठ्या घराण्यातले. भार मधल्या बोटावर पडतो ती ही जात. गाईम्हशींचं घराणं वेगळं, तिथे भार दोन बोटांवर. घोड्याने बाकीची बोटं टाकून दिली, एकच ठेवलं. यानं जुनी पद्धत सोडली नाही. नागपूरला कॉलेजात असताना पुस्तकात याच्या पायाची आकृती होती आणि परीक्षेत ती काढावी लागली होती. "आकृतीत मागचा पाय लहान काढलाय," ते म्हणाले. "एवढा दमदार असेल असं वाटलं नव्हतं."

आम्ही तिथे खूप वेळ होतो. लोक येत होते, "एलेफान्तितो!" म्हणजे छोटा हत्ती, असं एखादं पोर ओरडत होतं, फोटो काढून मंडळी पुढे जात होती. संग्रहालयाच्या शिक्षण विभागातली एक तरुणी आमच्याजवळ येऊन उभी राहिली. बाबा खाली बसून काय बघताहेत याचं तिला कुतूहल वाटलं होतं. ते पशुवैद्य आहेत कळल्यावर तिने भराभर सांगायला सुरुवात केली आणि लेकीची भाषांतर करताना धांदल उडाली. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्यासाठी जवळपास तेरा महिने गाभण असते. पिल्लाच्या अंगावर पांढरट पट्टे आणि ठिपके असतात, जंगलातल्या कवडशांत ते मिसळून जातं. दान्ता फळं खातो आणि बिया मैलोगणती लांब नेऊन टाकतो, म्हणून मोठ्या बियांची झाडं त्याच्या भरवशावर पसरतात. जंगल तुटतंय, शिकार होते, रस्ते होतात, आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या जनावराला तूट भरून काढता येत नाही. "शहरातली मुलं इथे येतात तेव्हा सिंहाचं नाव सांगतात," ती म्हणाली. "दान्ताचं नाव शंभरातली थोडीच सांगतात. पण सिंह आमचा नाही, दान्ता आमचा आहे."

बाबा म्हणाले, "तिला सांग, आमच्याकडेही हेच. पोरं झेब्रा ओळखतात, चौशिंगा ओळखत नाहीत." लेकीला चौशिंगा, म्हणजे आपल्याकडचा चार शिंगांचा, हरणासारखा छोटा प्राणी, माहीत नव्हता. मग तिथल्या तिथे आधी तिला तो समजावून सांगणं झालं.

त्याच तरुणीने पूर्वेकडच्या मोताग्वा खोऱ्यातल्या मणेदार सरड्याची गोष्ट सांगितली. काळा-पिवळसर, जाडजूड, विषारी सरडा. तो फक्त त्या कोरड्या, काटेरी खोऱ्यातच सापडतो. त्याच्यामुळे वीज पडते अशी समजूत असल्यामुळे लोक तो दिसला की मारत. तिथल्या गावांत आता त्याच्यासाठी राखीव जागा आहे आणि शेतकरीच त्याची राखण करतात. बाबांनी यावर तिला उलट एक गोष्ट सांगितली. या सरड्याचा चुलतभाऊ, अमेरिकेच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर, त्याच्या लाळेत जॉन एंग नावाच्या डॉक्टरांना एक द्रव्य सापडलं आणि त्यावरून मधुमेहाचं एक्सेनाटाइड हे औषध तयार झालं, २००५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज वजन कमी करण्यासाठी ज्या इंजेक्शनांचा एवढा बोलबाला आहे त्या घराण्यातलं हे पहिलं औषध. "मी स्वतः शुगरचा पेशंट आहे," बाबा म्हणाले. "हा सरडा मारू नका म्हणावं, त्याचे आमच्यावर उपकार आहेत." तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढच्या शाळेच्या सहलीला सांगणार होती.

दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जातं, इतकं खालून की बोलणं थांबवावं लागतं. मी मुद्दाम बघितलं. लाल मकाव पोपट, कोळीमाकडं, जिराफ, कुणीही वर बघत नाही. माणसंच फक्त माना वर करतात.

दुपारी जुन्या इंग्रजी धाटणीच्या चहाघराजवळच्या बाकावर बसलो. शेजारी मिक्स्कोहून नातवंडांना घेऊन आलेल्या एक आजी होत्या. त्यांनी आपल्या पिशवीतून कच्च्या आंब्याच्या फोडी काढल्या. वर लिंबू, मीठ आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पूड. आम्हालाही दिल्या. आम्ही भारतातले आहोत म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "तुमच्याकडे हत्ती रस्त्यावरून चालतात हे खरं का?" मग ला मोकोसिताबद्दल सांगू लागल्या. ती इथली हत्तीण. त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांनी लहानपणी तिला बघितलेलं. रविवारी वडील खांद्यावर बसवून आणायचे, शेंगदाण्याची पुडी हातात असायची. २००८ मध्ये मोकोसिता गेली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं रडलो, असं त्या म्हणाल्या आणि पुन्हा त्यांचे डोळे भरून आले.

बाबांनी त्यांना अकोल्याला उतरलेल्या एका सर्कशीची आठवण सांगितली. तिथल्या हत्तिणीच्या पायात गळू झालं होतं आणि बाबांना रात्री बोलावणं आलं होतं. कंदिलाच्या उजेडात गळू फोडलं, तोवर ती सोंडेने त्यांच्या खांद्यावर नुसती टेकून उभी होती. "साखळी नसती तर पाय सुजलाच नसता," बाबा म्हणाले. आजी म्हणाल्या, "आमच्याकडे सर्कशीतली जनावरं आता कायद्याने बंद झाली." तो कायदा २०१७ चा आहे. पुढे सर्कशींतून सोडवलेले वाघ-सिंह दक्षिण आफ्रिकेतल्या अभयारण्यात पाठवले गेले.

रात्री लेकीने विचारलं, "पण मग प्राणिसंग्रहालय तरी का असावं?" प्रश्न रास्त आहे आणि याच भागात त्याचं एक ठाम उत्तर दिलं गेलं आहे. कोस्टा रिकाने मे २०२४ मध्ये आपली सरकारी प्राणिसंग्रहालयं बंद केली. सान होसेमधलं सिमोन बोलिव्हार त्यातलंच, १९२१ पासूनचं. तिथली जनावरं पुनर्वसन केंद्रात नेली. मला त्या निर्णयाबद्दल आदर आहे. पण बंद करूनही जनावरं कुठेतरी सांभाळावी लागतातच. जी पिंजऱ्यात वाढली, ज्यांचे पंख छाटले गेले, त्यांना जंगलात सोडता येत नाही. ग्वाटेमालात चोरट्या व्यापारातून पकडलेले पोपट आणि माकडं सतत येत असतात. पेतेनमध्ये आर्कास नावाची संस्था १९८९ पासून अशा प्राण्यांना बरं करून पुन्हा जंगलात सोडायचं काम करते आणि लाल मकावसुद्धा त्यांनी सोडले आहेत. माझ्या मते राष्ट्रीय संग्रहालयाने दूरदेशीची जनावरं हळूहळू कमी करावीत आणि ती जागा दान्ताला, जग्वारला, त्या सरड्याला द्यावी. बाबांचं मत याहून थोडं वेगळं. "मूल आधी जिराफ बघायला येतं. आलं तर दान्तापाशी थांबवता येतं. आलंच नाही तर कुणाला थांबवणार?" लेकीने कोणाचीच बाजू घेतली नाही. ती फोनवर चौशिंगा शोधत होती.

रविवार

बाबांना दान्ताला पुन्हा एकदा बघायचं होतं, म्हणून सकाळी परत गेलो. रविवारचं ला औरोरा म्हणजे निराळंच जग. लांबच्या गावांहून बसने आलेली कुटुंबं, उईपिल या हाताने विणलेल्या रंगीबेरंगी पोलक्यांमधल्या बायका, पाठीवर बांधलेली तान्ही बाळं, गवतावर पसरलेल्या चादरी आणि डबे. या देशात स्पॅनिशशिवाय बावीस माया भाषा बोलल्या जातात आणि त्यातल्या दोन-तीन तरी पाणघोड्याच्या कठड्यापाशी एकाच वेळी आमच्या कानावर पडत होत्या. प्राणी शांतपणे बघायचे असतील तर रविवार टाळा. माणसं बघायची असतील तर रविवारीच या.

दान्ताच्या कुंपणाशी कालचीच तरुणी मुलांच्या घोळक्यासमोर उभी होती. आम्हाला बघून तिने हात केला आणि मुलांना काही सांगितलं, तशी सगळी मुलं खाली बसून दान्ताच्या पायांची बोटं मोजायला लागली. "क्वात्रो! त्रेस!" असा एकच गलका झाला. बाबा मागे हात बांधून ऐकत उभे होते. इतके खूश मी त्यांना पुष्कळ दिवसांनी बघितलं.

संध्याकाळी झोन १ मध्ये जायला निघालो तर गाडीवाल्याने अलीकडेच सोडलं. पुढचे रस्ते बंद होते. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात इथे रविवारी मिरवणुका निघतात आणि आम्ही नेमके त्यातच सापडलो. रस्त्याच्या मधोमध रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचा गालिचा घातलेला, साच्यातून भुसा चाळत चाळत काढलेली फुलं, पक्षी, चौकटी. दिवाळीत अख्ख्या आळीने मिळून एकच रांगोळी काढावी तशी ती बिल्डिंगच्या बिल्डिंग लांब होती. घरातली माणसं फळ्यांवर ओणवी होऊन शेवटचा हात फिरवत होती. कोरोसो या ताडाच्या फुलोऱ्याचा उग्र-गोड वास, ऊद, आणि लांबून येणारं बँडचं संथ शोकसंगीत. मग जांभळ्या झग्यातली माणसं दुतर्फा आली आणि त्यांच्यामागून डझनावारी खांद्यांवर झुलत येणारी अवाढव्य लाकडी पालखी, वर क्रूस वाहणारा येशू. ती गालिच्यावरूनच गेली. ज्यांनी तो घातला होता ती माणसं बाजूला उभी राहून छातीवर क्रूसाची खूण करत होती. पाच मिनिटांत पालिकेचे झाडूवाले आले आणि रस्ता मोकळा झाला. ग्वाटेमालाच्या या पवित्र सप्ताहाच्या परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

या काळात येणार असाल तर रविवारी दुपारनंतर जुन्या शहरात गाडीच्या भरवशावर राहू नका. चालायची तयारी ठेवा, फोन आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि अंधार पडल्यावर मुख्य रस्ते सोडू नका.

सोमवार

सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, हे नियोजन करताना लक्षात असू द्या. आमचं विमान संध्याकाळचं होतं. सकाळ झोन २ मधल्या उठावदार, म्हणजे डोंगर-दऱ्या उंचसखल घडवलेल्या नकाशाला दिली. फ्रान्सिस्को वेला या अभियंत्याने १९०५ साली हा उभा केला. अख्खा देश जमिनीवर, विटा आणि सिमेंटात. आडवं प्रमाण एकास दहा हजार, पण उंचीचं एकास दोन हजार, त्यामुळे डोंगर आहेत त्याहून पाचपट उभे दिसतात. विमानातून छायाचित्रं घ्यायची सोय नव्हती त्या काळात ही मापं माणसांनी डोंगर-दऱ्या तुडवून घेतली. शेजारचा बेलीझही यात ग्वाटेमालाचाच भाग म्हणून दाखवलेला आहे, कारण त्या भूभागावर ग्वाटेमालाचा जुना दावा आहे.

नीट दिसावं म्हणून बाजूला मनोरे आहेत. बाबा जिना चढायला तयार नव्हते, पण चढले. वरून आम्ही आपापल्या ओळखीच्या जागा शोधल्या. मोताग्वाची लांब, सरळ खाच, मणेदार सरड्याचं खोरं. कोबानच्या आसपासचे घड्या पडलेले डोंगर, वेलचीवाल्यांचे. आणि उत्तरेला पसरलेलं पेतेन, ते थेट मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत. १९९० मध्ये स्थापन झालेलं माया जीवावरण राखीव क्षेत्र तिथेच, दान्ता आणि जग्वारला अजून मोकळं फिरता येतं तो हा मुलूख.

"इथून तिकडे जायला किती वेळ लागतो?" बाबांनी विचारलं.

विमानाने फ्लोरेसपर्यंत साधारण तासभर. बसने अख्खी रात्र. फ्लोरेसहून तिकाल, माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष, दीड-दोन तासांवर, आणि आर्कासचं केंद्र तळ्याच्या पलीकडच्या काठाला. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, म्हणून जायचं ते नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. पाण्याचे साठे आटतात तेव्हा, मार्च-एप्रिलला, जनावरं पाण्यावर येतात. बाबांनी हे सगळं खिशातल्या डायरीत तारखांसकट लिहून घेतलं आणि खाली उतरताना मला म्हणाले, "परत गेल्यावर आधी गुडघ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊ."